सगळ्यांना माहीत होतं

प्रिय बाईसाहेब,

या नावाने हाक मारली की तू चिडायचीस, आणि चिडलीस की निदान बोलायचीस तरी. म्हणून सुरुवातच त्याने केली. गेल्या दीड वर्षात आपण फोनवर जे बोलतो त्याला बोलणं म्हणावं का, मला शंका आहे. जेवली का, ताप उतरला का, परीक्षा कधी. मी म्हणतो सगळं ठीक आहे, तू म्हणतेस बरं. फोन ठेवला की सरकारी खिडकीवर एखादा अर्ज भरून दिल्यासारखं वाटतं. आजही फोन करता आला असता. दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. जे सांगायचंय ते फोनवर मी नक्की गुळगुळीत करून सांगितलं असतं, आणि तुझ्या ‘बरं’वर समाधान मानून झोपायला गेलो असतो. तेव्हा एक गोष्ट सगळ्यात आधी लिहितो. आपली पोर, खारू, धडधाकट आहे. आत्ता ती मागच्या दाराशी सायकलच्या चेनला तेल देत बसलीय, कोपरापर्यंत हात काळे झालेत, आणि टॉवेल माझा घेतलाय. पुढचं वाचताना कधी छातीत धस्स झालं, तर वर येऊन एवढं वाक्य पुन्हा वाच.

आपण तिला इथे का आणलं ते तुला सांगायला नको, पण मला ते एकदा माझ्या हाताने लिहून बघायचंय. ती तेरा वर्षांची होती. क्लासच्या बाईंचा फोन आला की मुलगी सहा आठवडे आली नाही, आजारी आहे का. तू रक्तपेढीतून निघून आलीस, मी ऑफिसातून, आणि साडेसातपर्यंत आपण दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसून राहिलो. साडेसातला ती नेहमीसारखी दप्तर पाठीला लावून आली. आज काय शिकवलं विचारल्यावर ‘समीकरणं’ असं तिने डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं. मग हळूहळू बाहेर आलं. ती बसमध्ये बसायची. चार वाजता आपल्या चौकातून चढायची, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायची आणि त्याच बसने परत यायची. कुणाला भेटायला नाही, काही घ्यायला नाही. “मग करायचीस काय?” तू विचारलंस. “काही नाही,” ती म्हणाली. काहीतरी वाईट ऐकायची तयारी ठेवून बसलेले आपण ‘काही नाही’ ऐकून जास्त घाबरलो. सहा आठवडे, रोज तीन तास, आपली पोर त्या एवढ्या मोठ्या शहरात होती आणि ती कुठे आहे हे जगात एकाही माणसाला ठाऊक नव्हतं.

माझ्या बदलीचा कागद त्याच महिन्यात आला. मी म्हणालो, हिला माझ्याबरोबर येऊ दे. लहान गाव आहे, तिथे पोर शिंकली तरी संध्याकाळपर्यंत चार घरांत कळतं. तू जन्मभर त्या शहराची वकिली केलीस. शेजारचं कुणी गर्दीबद्दल कुरकुरलं की तू त्यांच्याशी भांडायचीस. पण त्या दिवशी तूही म्हणालीस की या शहरानेच पोर हातची घालवली. आणि मग एकच अट घातलीस. मी नदीकाठी वाढलेला, तू चौथ्या मजल्यावर. तू म्हणालीस, “तिला पाण्यापासून लांब ठेव. बाकी काही मागत नाही.” मी हसलो. तलावाच्या काठावर पाणी शुद्ध करायच्या नोकरीला निघालेल्या माणसाला घातलेली ती अट होती. पण शब्द दिला. हसत दिला, तरी दिलाच.

इथले सुरुवातीचे महिने कसे गेले ते तुला मी अर्धंमुर्धंच सांगितलंय. तुझ्या कानावर गेलं ते एवढंच की हवा चांगली आहे, गालांवर रंग आलाय, सायकल शिकली. ते खरंच होतं. पण तिला इथली शांतता सोसेना. ऐन थंडीत ती पंखा लावून, डोक्यावरून पांघरूण ओढून झोपायची. नुसता आवाज हवा म्हणून. इथला रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना दोनदोनदा बघायची, आणि रस्त्यावर असायची फक्त एक झोपलेली कुत्री. पोरं हसायची. चालायची इतकी भरभर की किराणा दुकानवाल्याने एकदा काळजीने विचारलं, “घरी कुणाला बरं नाही का?” समोरून कुणी आलं की नजर खाली, पिशवी छातीशी. महिन्याभरात ती शिष्ट आहे असं गावाने ठरवून टाकलं. मी तिला म्हणालो, अगं, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून जरा हसत जा. ती खरंच गोंधळून म्हणाली, “बाबा, ओळख नसताना कसं हसायचं? शहरात तसं हसलं की माणूस मागे लागतो.” बाराव्या वर्षी दोन बस बदलून एकटी जाणारी, कुणी नको ते विचारलं तर ‘आई मागून येतेय’ असं शांतपणे सांगून पुढे सटकणारी आपली मुलगी. तिचं ते सगळं शहाणपण इथे वेडेपणा ठरत होतं.

आणि इथले डोळे. मी मुद्दाम आणलं होतं ना तिला या डोळ्यांसमोर. सुरुवातीला मला फार बरं वाटायचं. बसचा कंडक्टर सांगायचा, तुमची मुलगी आज मागच्या सीटवर बसली होती. शिवणकामवाल्या काकू सांगायच्या, आज केस मोकळे सोडले होते. दुकानवाला सांगायचा, चॉकलेट दोन घेतली, एक कुणाला ते कळलं नाही. मी घरी येऊन सहज विचारल्यासारखं करायचो आणि ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मी तिची वही उघडली. एकदा म्हणाली, “तिथे हजार माणसं असायची, पण बघायचं कुणी नाही. इथे तीस आहेत आणि तीसच्या तीस बघतात.” मी म्हणालो, काळजी असते गं लोकांना. तेव्हापासून तिने मला काही सांगणं सोडलं. विचारायच्या आधीच उत्तर तयार ठेवायला लागली. ते मी तुला कळवलं नाही. हवा चांगली आहे, म्हणालो.

मग तिला पैलवान भेटली. तिच्याबद्दल तू फोनवर ऐकलंयस, पण तो मुलगा नाही, वेल्डरची मुलगी आहे. तुझा तो गैरसमज मी दूर केला नव्हता, कारण तुझ्या आवाजात तेव्हा एवढी धास्ती होती की मला गंमत वाटली. माफ कर. खारूच्याच वर्गातली, खारूपेक्षा वीतभर उंच, बापाबरोबर लोखंडी फाटकं उचलून दंड असे झालेत की सगळं गाव तिला पैलवानच म्हणतं. तिने खारूला पहिल्या दिवशी विचारलं होतं, “शहरात म्हणे तुम्ही पोहायला तिकीट काढता?” आणि सगळा वर्ग हसला होता. मग शाळेने मुलांना मोठ्या गावी विज्ञानाचं प्रदर्शन बघायला नेलं. तिथे सरकता जिना होता. पैलवान त्याच्या तोंडाशी जाऊन थिजली. मागे चाळीस पोरं खोळंबली, कुणीतरी ढकललं, आणि हिचा पाय काही उचलेना. वर्गशिक्षिका मला सांगत होत्या की खारू रांगेतून पुढे गेली, तिचा हात धरला आणि म्हणाली, “पायाकडे बघू नकोस. समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघ.” दोघी वर गेल्या. खाली आल्या. म्हणे तिसऱ्यांदा पैलवान एकटी गेली. मग तिथला चार पदरी रस्ता ओलांडताना पैलवानने खारूचा हात सोडला नाही. परतल्यावर कुणी ‘शिष्ट’ म्हटलं की पैलवान नुसती उभी राहायची, बास. दोघी एकमेकींच्या घरी पडीक असायच्या आणि मी सुटकेचा नि:श्वास टाकला. तिथेच माझं लक्ष ढळलं.

आता ते सांगतो. मागच्या महिन्यात मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला इथल्या दवाखान्यात गेलो. हो, गोळ्या सुरू झाल्यात, तेही तुला सांगितलं नव्हतं. नर्सबाईंनी पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारलं, “मुलीचा कान कसाय आता?” मी म्हणालो, कुठला कान? त्यांचा हात थांबला. त्यांनी कपाटापाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईंकडे बघितलं. त्या बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. त्या एका क्षणात मला एवढंच कळलं की इथे काहीतरी घडलंय, ते या दोघींना माहीत आहे, आणि मी वेडा आहे. मी म्हणालो, “हां, कान. बरा आहे की.” नर्सबाई म्हणाल्या, तलावाचं पाणी कानात राहिलं की असंच होतं, थेंब पूर्ण आठवडाभर घालायला सांगा. माझा रक्तदाब त्यांनी मोजला तो किती होता ते सांगत नाही.

घरी येऊन मी तिला विचारलं नाही. चार दिवस विचारलं नाही. तुला वाटेल, कसला हा बाप. मला भीती वाटत होती ती उत्तराची नाही. ती पापणी न हलवता पुन्हा ‘समीकरणं’ म्हणेल याची भीती होती. थेंबांची बाटली मला तिच्या पेन्सिलींच्या डब्यात सापडली. शोधली म्हणूनच सापडली, तेही कबूल करतो. ती जेवताना डावीकडे मान कलती करायची ते आता मला दिसायला लागलं. सतरा दिवस ती माझ्यासमोर तशी बसत होती. तू असतीस तर पहिल्याच दिवशी तुझ्या लक्षात आलं असतं.

पाचव्या दिवशी मी वेल्डरकडे गेलो. त्याने ज्योत बंद केली, काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि माझं तोंड बघूनच म्हणाला, “कळलं वाटतं तुम्हाला.” मग एका लोखंडी ट्रंकेवर मला बसवून त्याने सगळं सांगितलं. सतरा दिवसांपूर्वी, मंगळवारी दुपारी शाळा लवकर सुटली. चौघीजणी जुन्या धक्क्यावर पोहायला गेल्या. इथल्या मुली पाच वर्षांच्या झाल्या की पोहतात, त्यात विशेष काही नाही. पैलवानने खारूला विचारलं, तुला येतं ना? खारू म्हणाली, येतं की, शहरात तीन वर्षं शिकलेय, तलाव निळ्या फरशीचा होता, सर शिट्टी वाजवायचे. एवढं बारीक वर्णन केल्यावर कोण शंका घेईल. ती धक्क्यावरून उतरली, चार पावलं गेली, आणि पाचव्या पावलाला खाली तळ नव्हता. वेल्डर म्हणाला, “आमची म्हणते, आधी वाटलं ही गंमत करतेय. ओरडलीच नाही ती.” पैलवानने तिला दुसऱ्या बुडीत पकडलं. वर आणली तेव्हा खारू तिलाच मिठी मारून दोघींना खाली नेत होती, म्हणून पैलवानने तिच्या तोंडात मारली आणि केस धरून ओढत आणली. वेल्डरने ते सांगताना मान खाली घातली. “तोंडात मारलं त्याची माफी मागायची होती तुमच्याकडे,” म्हणाला. बाईसाहेब, मी त्या माणसाचे दोन्ही हात धरले.

मग मी विचारलं, मला का नाही कळवलं? तो म्हणाला, “पोरींनी गळ घातली. म्हणाल्या, बाबांना कळलं तर ते तिला परत पाठवतील.” दुकानवाल्याने बायकोचा कोरडा झगा दिला होता. शिवणकामवाल्या काकूंनी ओले कपडे वाळवून इस्त्री करून दिले, म्हणजे मला शंका येऊ नये. नर्सबाईंनी तपासलं, कंडक्टरने बस दहा मिनिटं उशिरा सोडली आणि तिला घराच्या दारात उतरवलं. तिने दोन चॉकलेट घेतली ते सांगणारी ही माणसं. शहरात कुणालाच माहीत नव्हतं म्हणून आपल्याला कळलं नाही. इथे सगळ्यांना माहीत होतं आणि तरी मला कळलं नाही. मी कितीतरी वेळ ठरवू शकलो नाही, या लोकांचा राग धरावा की त्यांच्या पाया पडावं. अजूनही ठरलेलं नाही.

तिथून मी कामावर गेलो आणि त्या मंगळवारची नोंदवही काढली. दर दोन तासांनी पाण्याचा नमुना घेऊन मी त्यात लिहितो, गढूळपणा किती, क्लोरीन किती. त्या दिवशी चार वाजताची नोंद माझ्याच अक्षरात आहे. पाणी स्वच्छ, वारा नाही, विशेष काही नाही. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून जुना धक्का दिसतो. मधे एक झाड आहे, पण दिसतो. मी काचेची नळी उजेडाकडे धरून पाणी बघत होतो आणि तिथून हाकेच्या अंतरावर, त्याच पाण्यात, माझी मुलगी हाक मारायला तोंड उघडत होती. मी सहाव्या वर्षापासून पोहतो. पंचवीस वर्षं पाण्याची नोकरी करतो. दर उन्हाळ्यात म्हणायचो, या रविवारपासून हिला शिकवतो. तू तिला तो नारिंगी पोहण्याचा पोशाख आणला होतास. तो तिला लहान झाला, मग शेजारच्या मुलीला दिला, मग तिलाही लहान झाला असेल. तू तुझी अट घातलीस ती भीतीपोटी. मी ती पाळली ती आळसापोटी.

त्या संध्याकाळी मी बटाटे सोलत होतो आणि ती ओट्यावर बसून गृहपाठ करत होती. मी बटाट्याकडेच बघत विचारलं, “डावा कान दुखतोय का अजून?” तिची पेन्सिल थांबली. “कुणी सांगितलं?” मी म्हणालो, इथे कुणी ना कुणी सांगतंच. ती म्हणाली, “सतरा दिवस नाही सांगितलं कुणी.” तिनेही दिवस मोजले होते. मग ती बोलायला लागली आणि मी सुरी खाली ठेवली. म्हणाली, “बाबा, मला वाटायचं बुडताना ओरडता येतं. ओरडताच येत नाही. आणि मला सारखं वाटत होतं, आता कुणीतरी बघेल. शहरात नेहमी कुणीतरी असतंच ना जवळपास.” मी विचारलं, येत नाही म्हणून सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, तिथे काही येत नाही असं म्हणायची सोयच नव्हती. वर्गात एखादी म्हणाली मी अमुक केलं की दुसरीने म्हणायचं मीही केलं. खरं आहे का, हे बघायला कोण येतंय? मला ते अगदी पटलं. शहरात थाप पचून जाते, कारण ऐकणारा उद्या भेटेलच असं नाही. इथे पाचव्या पावलाला तिची परीक्षा झाली.

मी तिथेच थांबलो असतो, तर शहरालाच दोष देऊन मोकळा झालो असतो आणि हे पत्र दोन पानांत संपलं असतं. पण माझ्या तोंडून गेलं, की बसमधून फिरायचीस तेव्हाही अशीच थापा मारायचीस. तिने वही मिटली. मग म्हणाली, “बसमध्ये मला कुणी काही विचारायचं नाही.” मी म्हणालो, म्हणजे? ती म्हणाली, “घरी आई विचारायची, बाबा काय म्हणाले. तुम्ही विचारायचात, आईचा मूड कसा आहे. आई विचारायची, तुला वाटतं का बाबांनी बदली मागितलीय. तुम्हा दोघांना वेगवेगळं उत्तर द्यायला लागायचं आणि ते लक्षात ठेवायला लागायचं. बसमध्ये काही लक्षात ठेवायला लागायचं नाही.” हे ती चिडून म्हणाली नाही. गणितातली पायरी सांगावी तसं म्हणाली. तेरा वर्षांच्या पोरीला तीन तास बस हवी होती ती आपल्या घरात रोज जी परीक्षा चालायची तिच्यातून सुटायला. आणि आपण दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसून शहराला शिव्या देत होतो. तू रक्त तपासतेस, मी पाणी. आपल्या घरात काय मिसळत होतं ते दोघांपैकी एकानेही बघितलं नाही.

बदली मी मागून घेतली होती. तिला ते ठाऊक होतं, तुलाही असणार. आपण लोकांना सांगतो की नोकरीमुळे वेगळे राहतो, आणि सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आपलं भांडण कधी झालंच नाही, तिथेच घोळ झाला. भांडण झालं असतं तर ते मिटवता तरी आलं असतं. मी निघालो आणि निघताना पोरीलाही उचलून आणलं, तिच्या भल्यासाठी म्हणून. तिचं भलं झालंही, ते नाकारत नाही. आता ती अनोळखी माणसाकडे बघून हसते, पंख्याशिवाय झोपते, अंधारात दिव्याशिवाय मागच्या दारापर्यंत जाते. पण पैलवान मला परवा म्हणाली की सरकत्या जिन्यावर खारूने हात धरला नसता तर ती जन्मात मोठ्या गावी शिकायला जायचं नाव काढणार नव्हती. आता काढते. म्हणजे तुझ्या शहराने पोरीला नुसतं थापा मारायलाच शिकवलं नाही. गर्दीत आपल्यापेक्षा घाबरलेलं माणूस ओळखायलाही तिथेच शिकली ती.

आता गेले दहा दिवस मी तिला पोहायला शिकवतोय. हे वाचून तू खुर्चीवरून उठशील, म्हणून सविस्तर सांगतो. सकाळी सहा वाजता, धक्क्याच्या दुसऱ्या बाजूला, जिथे पाणी तिच्या कमरेएवढं आहे आणि खाली दगडी पायऱ्या आहेत. माझा एक हात तिच्या पाठीखाली. पैलवान काठावर बसून सूचना देते, त्यातल्या निम्म्या मलाच असतात. पहिले तीन दिवस खारूने पाण्यात तोंड घातलं नाही. चौथ्या दिवशी रडली. काल तिने पाठीवर पडून पंचवीस अंक मोजेपर्यंत अंग सैल सोडलं. माझा हात खाली होता, पण टेकलेला नव्हता. तिला ते समजल्यावर ती लगेच घाबरून उभी राहिली आणि मला म्हणाली, “सांगायचं होतंत.” मी म्हणालो, पुढच्या वेळी सांगीन. तुझी अट मी आता जाणूनबुजून मोडतोय आणि तुला विचारून मोडायला हवी होती.

तू तिला पुढच्या वर्षासाठी परत बोलावतेयस आणि मी तीन महिने उत्तर टाळतोय, तेही त्या बटाट्यांच्या संध्याकाळी बोलण्यात निघालं. मी तिला सरळ विचारलं, तुला काय हवंय? मला वाटलं होतं ती एक काहीतरी निवडेल, आणि जे निवडेल त्याने आपल्यातल्या एकाचं काळीज तुटेल. ती म्हणाली, “मला तिकडेही यायचंय आणि इकडेही. फक्त मला पाठवू नका. माझी मी जाईन, माझी मी येईन.” शाळा कुठली, सुट्ट्या कशा, यातलं काही तिने ठरवलेलं नाही आणि मलाही ते सोडवता आलेलं नाही. ते आपल्या दोघांना बसून ठरवावं लागेल. त्यासाठी तू इथे ये किंवा मी तिथे येतो. सोफ्यावर जरा जवळ बसू.

ती शनिवारी सकाळच्या बसने निघून संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे पोचेल. मी तिला कबूल केलं होतं की तलावाचं मी तुला सांगणार नाही, तिचं तीच सांगेल. मग मला राहवेना. तू कुणाकडून तरी ऐकशील आणि तिच्यावर ओरडशील, किंवा ती तुला काही भलतंच सांगेल आणि आणखी एक उत्तर लक्षात ठेवत बसेल, या विचाराने दोन दिवस माझं कामात लक्ष नाही. म्हणून काल तिला सांगितलं, मी आईला सगळं लिहिणार आहे, माझंसुद्धा, आणि ते पत्र तूच घेऊन जायचं. ती म्हणाली, “म्हणजे मी पोस्टमन.” पाकीट मी चिकटवलेलं नाही आणि ते तिला दाखवलंय. तिने ते वाटेत वाचावं, न वाचावं, कुठल्या तरी स्टँडवर फाडून टाकावं. मी नंतर विचारणार नाही. दीड वर्ष मी तिच्यावर अख्ख्या गावाचे डोळे ठेवले, तिच्या पेन्सिलींचा डबा उघडला. आता एवढा कागद तिच्या हातात देऊन बघतोय. तेव्हा तू हे वाचत असशील तर तिने तुला ते द्यायचं ठरवलं म्हणून. वाचून झालं की लगेच काही बोलू नकोस. ती समोर उभी असेल, दप्तरही खाली ठेवलेलं नसेल, आणि तुझ्या चेहऱ्याकडे बघत असेल. आपण काय बोलावं हे तिला त्या चेहऱ्यावरून ठरवायला लागू नये, एवढं फक्त बघ.

हरकत नसेल तर अजूनही तुझाच,

खारूचा बाबा